तुमचे प्रश्न : घरात सगळ्या .३०८, मग माझी ७ एमएम-०८ चालेल का?

प्रश्न : ताई, आमच्या घरात तीन रायफली आहेत. एक सासऱ्यांची, एक यांची, एक धाकट्या दिरांची. तिन्ही .३०८ कॅलिबरच्या, म्हणजे एकाच मापाचं काडतूस घेणाऱ्या. दोन वर्षं मी यांच्याच रायफलीवर शिकले. माझी उंची पाच फूट एक इंच. दस्ता (खांद्याला टेकायचा मागचा भाग) लांब पडतो, गाल नीट टेकत नाही, आणि वीसेक फैरी झाल्या की खांदा बोलायला लागतो. आता परवाना माझ्या नावावर झाला आहे. मला आखूड नळीची, लहान दस्त्याची रायफल घ्यायची आहे, ७ एमएम-०८ कॅलिबरची. सासरे म्हणतात, "घरात काडतूस एकच हवं. वेगळं आणलंस तर तुझी तू एकटी पडशील." हे म्हणतात, तुला हवी ती घे. वापर म्हणाल तर रेंज, आणि वर्षातून एक-दोनदा परवान्यानं हरणाची शिकार, तीही दोनशे मीटरच्या आत. मी कोणाचं ऐकू?

उत्तर : घ्या. पण घेण्याआधी माझ्याकडची एक पुंगळी, म्हणजे उडालेल्या काडतुसाचं रिकामं कवच, बघा.

ती माझ्या टेबलाच्या खणात असते आणि प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या हातात मी ती देते. बुडाकडून बघितली तर टोपीभोवती, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या मधल्या बटणाभोवती, स्वच्छ अक्षरांत .२४३ कोरलेलं आहे. तोंडाकडून बघितली तर ती .२४३ वाटतच नाही. जिथे सहा मिलिमीटरची निमुळती मान असायला हवी, तिथे आठ मिलिमीटरची मान आहे, आणि एका बाजूला तोंडापासून खांद्यापर्यंत, म्हणजे मान रुंद होते त्या उतारापर्यंत, बारीक चीर गेली आहे. चिरेच्या कडेला काजळी आहे. अंगठा फिरवला की ती अजूनही बोटाला लागते.

ती पुंगळी माझ्याच चुकीची आहे. माझ्याकडे तेव्हा लहान दस्त्याची .२४३ होती, दादाकडे .३०८. एका सकाळी थंडी होती म्हणून मी त्याचं जाकीट घालून रेंजवर गेले. उरलेली दोन काडतुसं खिशात टाकली आणि घरी येऊन जाकीट खुंटीला अडकवलं. पुढच्या आठवड्यात दादा तेच जाकीट घालून गेला. खिशात हात घातला, काडतूस निघालं, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) सरकवलं, बोल्ट, म्हणजे मागची खिटी, बंद झाला. अडकलं नाही, घासलं नाही, काहीच वेगळं जाणवलं नाही. आवाज मात्र बोदा आला आणि शंभर मीटरवरच्या कागदाला गोळी लागलीच नाही. त्याने बोल्ट उघडला आणि ही पुंगळी बाहेर पडली. दादाला इजा झाली नाही, रायफलही कारागिराने तपासून परत दिली. पण त्या दिवशी घरी आल्यावर त्याने ती माझ्यासमोर ठेवली आणि एक शब्द बोलला नाही. ती शांतता मला अजून आठवते.

हे सांगायचं कारण तुमच्या प्रश्नातच आहे. ७ एमएम-०८ आणि .२४३ ही दोन्ही .३०८ ची भावंडं आहेत. .३०८ विंचेस्टर आलं १९५२ साली. त्याचीच पुंगळी मानेशी आवळून १९५५ मध्ये .२४३ निघालं आणि १९८० मध्ये रेमिंग्टनने ७ एमएम-०८ बाजारात आणलं. तिघांचं बूड एकाच मापाचं, साधारण १२ मिलिमीटर. लांबी एकसारखी, ५१-५२ मिलिमीटर. खांद्याचा उतारही तोच. फरक फक्त मानेत आणि गोळीत : .३०८ ची गोळी ७.८ मिलिमीटर, ७ एमएम-०८ ची ७.२, .२४३ ची ६.२. म्हणजे धाकट्या भावंडाचं काडतूस थोरल्याच्या चेंबरमध्ये सुखाने बसतं आणि उडतंही. गोळी नळीला घट्ट धरत नाही, वायू बाजूने निसटतो, मान फुगते किंवा फाटते आणि गोळी कुठे जाईल त्याचा भरवसा राहत नाही. उलट्या बाजूने, म्हणजे .३०८ तुमच्या ७ एमएम-०८ मध्ये घालायला गेलात, तर मान जाड असल्यामुळे बोल्ट बंद होत नाही. तिथे एकच धोका : "अडकतंय वाटतं" म्हणून कोणी तळव्याने हँडलवर जोर दिला तर. बोल्ट बंद होत नसेल तर त्यावर कधीही जोर लावायचा नाही. काडतूस बाहेर काढायचं आणि बूड वाचायचं.

तर तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं चुकीचं नाही, कारण मात्र त्यांनी वेगळं दिलं. "एकटी पडशील" म्हणजे काडतुसं एकमेकांना देता येणार नाहीत. मी इतकी वर्षं रेंजवर शिकवते आहे, आणि हा मुद्दा लोक समजतात तेवढा मोठा नाही. एकाच कॅलिबरच्या दोन रायफलींनाही एकच काडतूस सारखं रुचत नाही. एकीला १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी मानवते, दुसरीला १६५. सासऱ्यांच्या डब्यातलं काडतूस तुमच्या यजमानांच्या रायफलीत घातलं तर शंभर मीटरवर नेम दोन-तीन बोटं सरकू शकतो. शिकारीला जाणारा माणूस ज्या काडतुसावर दुर्बीण जुळवली तेच घेऊन जातो. मग घरात प्रत्यक्षात वाटून घेतलं जातं काय? सरावाची काडतुसं, आणि विसरलेल्या दिवशीचा उसना डबा. ते सोयीचं आहे, नाकारत नाही. शिवाय .३०८ सहज मिळतं, निवड जास्त असते. पण तुमच्या खांद्यापुढे आणि गालापुढे ही सोय मला लहान वाटते. आणि कोणाची काडतुसं कोणी वापरायची हे तुमच्या परवान्याच्या अटींवरही अवलंबून आहे, ते आधी वाचून घ्या.

आता खांद्याबद्दल बोलते, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे.

कॉम्पॅक्ट रायफल म्हणजे हलकी रायफल, आणि हलकी रायफल जास्त मारते. काडतूस तेच ठेवून रायफलीचं वजन ३.६ किलोवरून २.८ किलोवर आणलंत, तर धक्क्याची ऊर्जा साडेअठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास वाढते. हिशेब सरळ आहे, वजन जेवढं घटतं त्याच्या उलट प्रमाणात ती वाढते. म्हणजे घरात एकच कॅलिबर ठेवायचं म्हणून तुम्ही कॉम्पॅक्ट .३०८ घेतलीत, तर घरातल्या सगळ्यात लहान चणीच्या माणसाच्या वाट्याला घरातला सगळ्यात मोठा धक्का येईल. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका मुलीला तिच्या घरच्यांनी मोठ्या प्रेमाने हलकी .३०८ आणून दिली होती. तिसऱ्या दिवशी मी तिच्या मॅगझिनमध्ये (रायफलीच्या काडतुसांच्या पेटीत) तिला न सांगता मध्येच एक न उडणारं डमी काडतूस ठेवलं. चाप ओढल्यावर नुसता 'टक' आवाज आला, पण नळीचं तोंड चार बोटं खाली गेलं होतं आणि डोळे घट्ट मिटलेले होते. धक्का बसलाच नव्हता, तरी सगळं अंग धक्क्यासाठी आवळलं होतं. ती सवय घालवायला आम्हाला अगदी सौम्य धक्क्याच्या .२२ रायफलीवर पाच महिने लागले. खांद्यावरचा निळा डाग आठवड्यात जातो, ही सवय जात नाही.

७ एमएम-०८ ची १४० ग्रेनची गोळी, म्हणजे नऊ ग्रॅमच्या आसपास, कारखान्याच्या आकड्यांप्रमाणे सेकंदाला साधारण २८६० फूट वेगाने निघते. नळी २२ इंचांऐवजी १८ इंच झाली की दर इंचामागे वीस-तीस फूट सोडून द्यायचे. दोनशे मीटरच्या आत हरणाला त्याने काही फरक पडत नाही, मारणाऱ्यालाही नाही. धक्का मात्र .३०८ च्या नेहमीच्या भारी गोळ्यांपेक्षा जाणवण्याइतका सौम्य असतो. .२४३ त्याहूनही सौम्य, पण हरणाच्या आकाराप्रमाणे तिथे गोळी आणि जागा फार काटेकोर निवडावी लागते. नवशिक्याने ती जोखीम जनावराच्या जिवावर घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. म्हणून तुमची निवड मला पटते.

दस्त्याबद्दल एक सांगते, दुकानात लगेच कळत नाही असं. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर मोठ्यांच्या रायफलीत साडेतेरा इंचांच्या पुढे असतं, कॉम्पॅक्टमध्ये बारा-साडेबारा. ते मापण्याआधी शिकारीला घालता ते जाड जाकीट अंगात घाला. रायफल खांद्याला लावा, डोळे मिटा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. दुर्बिणीत पूर्ण गोल चित्र दिसलं तर दस्ता तुमचा. मान पुढे काढावी लागली तर अजून लांब आहे. आणि नाक आपल्याच अंगठ्याला लागत असेल तर फार आखूड केला. आखूड दस्त्यावर दुर्बीण डोळ्याच्या जवळ येते, तेव्हा ती बसवताना पुढे सरकवून घ्या. भुवईवर चंद्रकोर उमटलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

आता घराची शिस्त. यातलं काहीही सोडून दिलंत तर माझा होकार मागे घेते.

सुटं काडतूस खिशात, खणात, गाडीच्या कप्प्यात कुठेही नको. काडतूस एकतर आपल्या मूळ डब्यात असेल किंवा त्याच रायफलीच्या मॅगझिनमध्ये. एक रंग निवडा, समजा निळा. रायफलीच्या दस्त्यावर निळी पट्टी, डब्यावर निळी, मॅगझिनवर निळी, साफ करायच्या दांड्यावर आणि ब्रशवरही निळी, कारण ब्रशही ७ मिलिमीटरचा वेगळा लागतो. मॅगझिनची पट्टी विसरू नका. या भावंडांची मॅगझिनं पुष्कळदा एकाच घडणीची असतात आणि शेजारी ठेवली तर ओळखू येत नाहीत. काडतुसांची कुलपाची पेटी वेगळी, तिची किल्ली तुमच्याकडे. रेंजच्या टेबलावर एका वेळी एक रायफल आणि एकच डबा. तुमच्या यजमानांची पाळी आली की तुमचा डबा बंद होऊन पिशवीत जाईल, मगच .३०८ चा डबा बाहेर येईल. आणि भरण्याआधी नळीवरचं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव मोठ्याने वाचायचं. चारचौघांत सुरुवातीला संकोच वाटेल. आमच्या रेंजवर साठी उलटलेली माणसंही वाचतात.

घरी पुंगळ्या पुन्हा भरण्याची सवय कोणाला असेल तर एक कडक बंदी घाला. .३०८ ची रिकामी पुंगळी आवळून ७ एमएम-०८ बनवता येते, आणि काटकसरी माणसं तसं करतात. एरवी त्यात वावगं काही नाही. पण तुमच्या घरात तसलं काडतूस नको, कारण त्याच्या बुडावर .३०८ लिहिलेलं राहतं. आपली सगळी शिस्त त्या कोरलेल्या अक्षरांवर उभी आहे. ती अक्षरंच खोटं बोलायला लागली तर मोठ्याने वाचून उपयोग काय?

मध्यम मार्ग विचाराल तर आहे. कॉम्पॅक्ट .३०८ घ्यायची आणि त्यात कमी धक्क्याची, हलक्या गोळीची काडतुसं वापरायची. अशी तयार मिळतात. चुकून घरातलं भारी काडतूस गेलं तर नेम सरकेल आणि खांदा दुखेल, बाकी काही होणार नाही. सुरक्षेच्या बाजूने हा सगळ्यात वजनदार युक्तिवाद आहे आणि सासऱ्यांनी तो केला असता तर मी दोनदा विचार केला असता. मात्र मग तुमची काडतुसं वेगळी, दुर्बिणीची जुळणी वेगळी, म्हणजे ज्या सामायिक डब्यासाठी हट्ट होता तो राहिलाच नाही. माझी कसोटी अशी : तुमच्या घरात औजारं जागच्या जागी परत जातात का? जात असतील तर ७ एमएम-०८. कात्री रोज शोधावी लागत असेल तर हलक्या काडतुसांची .३०८.

आणखी एक वाट सांगते, कारण ती मला मनापासून आवडते. .३०-३० ची लिव्हरची, म्हणजे चापाजवळची दांडी ओढून भरायची रायफल. काडतूस १८९५ चं. वीस इंच नळी, तीन किलोच्या आसपास वजन, धक्का सोसवेल असा. त्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, ती .३०८ च्या बोल्टच्या तोंडात बसत नाही. आणि .३०८ चं जाडं अंग .३०-३० च्या चेंबरमध्ये शिरत नाही. दोघांची गाठच पडत नाही. तिच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक आडवी असतात आणि एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकतं, म्हणून चपट्या किंवा बोथट टोकाची गोळीच घालायची, तेवढं पाळा. पण दीडशे मीटरच्या पुढे ती दमते. तुम्हाला दोनशे हवेत, म्हणून पहिल्या क्रमांकावर ठेवली नाही. दीडशेवर भागणार असेल तर मला पुन्हा लिहा.

सासऱ्यांशी वाद घालू नका. त्यांनाच रंगाच्या पट्ट्या लावायला सांगा आणि पहिल्या दिवशी रेंजवर डबे बदलण्याची जबाबदारी त्यांच्याकडे द्या. ज्यांना काडतुसांची काळजी वाटते त्यांच्याइतकं चोख कोणी मोजत नाही.

प्रश्न : आमच्याकडे .२२३ च्या दोन रायफली आहेत. मुलाने आता .३०० ब्लॅकआउटची आखूड रायफल घेतली आहे. तो म्हणतो, मॅगझिन तेच चालतं, त्यामुळे खर्च वाचला. तुमच्या मते ठीक आहे ना?

उत्तर : नाही. आज संध्याकाळपर्यंत ती मॅगझिनं वेगळी करा.

वरच्या पत्रात धाकटं काडतूस थोरल्या नळीत जाण्याचा धोका होता. तुमच्याकडे उलटं आहे आणि ते कितीतरी वाईट आहे. .३०० ब्लॅकआउट हे २०११ मध्ये प्रमाणित झालेलं काडतूस .२२३ चीच पुंगळी कापून, आखूड करून बनवलेलं आहे. बूड तेच, म्हणून बोल्ट तोच, मॅगझिन तेच. गोळी मात्र ७.८ मिलिमीटरची. काही गोळ्यांबरोबर हे काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये पूर्ण बसतं आणि बोल्ट बंद होतो. पुढे नळी आहे ५.७ मिलिमीटरची. गोळीला जायला वाट नाही, दाब मागे फिरतो आणि रायफल हातात, चेहऱ्यासमोर फुटते. असे अपघात झालेले आहेत.

मुलाला रागावू नका, मॅगझिन चालतं हे त्याचं म्हणणं खरंच आहे. धोका नेमका तिथेच आहे. ब्लॅकआउटसाठी वेगळ्या रंगाची मॅगझिनं घ्या, काळ्यात काळं नको, अंधारातही हाताला कळेल अशी पट्टी गुंडाळा. दोन्ही कॅलिबरं एकाच दिवशी रेंजवर नेऊ नका. हा नियम मी माझ्या विद्यार्थ्यांना सुचवत नाही, लावते. छर्ऱ्यांच्या बंदुकीत हाच धडा जुना आहे : २० बोअरचं काडतूस (बोअरचा आकडा मोठा तर नळी बारीक) १२ बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकतं, चेंबर रिकामं दिसतं, मागून १२ चं भरलं जातं. म्हणून २० बोअरची काडतुसं पिवळी करतात. कारखान्यांनी रंगावर विश्वास ठेवला, आपणही ठेवावा.

आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा : फैरीचा आवाज बोदा आला, धक्का कमी वाटला, तर पुढची गोळी झाडायची नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून थोडं थांबा, रायफल रिकामी करा, बोल्ट काढा, मागून नळीतून उजेड दिसतो का बघा. दिसला नाही तर आत गोळी अडकलेली आहे. ती कारागिराकडे द्या, दांड्याने ठोकत बसू नका.

प्रश्न : कॉम्पॅक्ट रायफल घेतल्यापासून कान दुखतात. कॅलिबर तर आधीपेक्षा लहान आहे. असं का?

उत्तर : नळी आखूड झाली, म्हणजे तिचं तोंड तुमच्या कानाजवळ आलं, आणि दारू पूर्ण जळायच्या आत वायू बाहेर पडतो. कॅलिबर लहान असलं तरी भडका आणि कडाका वाढतो. रायफलीच्या फैरीचा आवाज १४० डेसिबलच्या पुष्कळ पुढे जातो, आणि तेवढ्यावर एका फैरीतही कानाला कायमची इजा होऊ शकते. कानात बोंडं आणि त्यावर पूर्ण कान झाकणारा मफ, दोन्ही एकदम वापरा. दस्त्यावर गाल टेकताना मफची कड उचलली जाते आणि तिथून आवाज शिरतो, म्हणून पातळ कडेचा मफ घ्या. नळीच्या तोंडाला ब्रेक (वायू बाजूला वळवणारा तुकडा) लावलेला असेल तर तो काढून बघा, कारण ब्रेक धक्का कमी करतो पण आवाज मागे, तुमच्याकडे आणि शेजारच्याकडे फेकतो. कान दुखणं फैरीनंतर तासाभरानेही राहत असेल किंवा घंटी वाजल्यासारखं होत असेल, तर पुढच्या रविवारी रेंजवर जाऊ नका, कानाच्या डॉक्टरांकडे जा.